मेंढीची अर्धी कास दगडासारखी झालीय, दोन कोकरं कशी जगवू?

सिन्नरचा_मेंढीवाला
राम राम मंडळी. दहा वर्षं जर्सी गाई सांभाळल्या, मागच्या दिवाळीला त्या विकून बारा दख्खनी मेंढ्या आणल्या. त्यातली एक चार दिवसांमागं व्याली, जुळं झालं. आईनं तर गल्लीभर सांगितलं.

काल सकाळी बघतो तर मेंढी डावा मागचा पाय ओढतेय. वाटलं काटा मोडला. खूर उचलून पाहिला, काही नाही. मग कासेला हात लावला. डावी बाजू गरम आणि टणक. पिळलं तर पिवळट पाणी, त्यात दह्यासारख्या गुठळ्या. कोकरू तोंड लावायला गेलं की बाजूला सरते.

गाईला चार सड, एक गेला तरी तिघांवर भागतं. हिला दोनच. शेजारी म्हणतात हळद-चुना लाव. गाईच्या कासेत सोडायची औषधाची ट्यूब घरात पडून आहे, ती अर्धी सोडली तर चालेल का? आणि एका सडावर दोन्ही कोकरं जगतील?

वाड्यावरचा_पोरगा
भाऊ, पाय ओढतेय म्हणजे पायच दुखतो असं नाही. कास मांडीला घासते म्हणून फेंगडी चालते. आमचे आजोबा संध्याकाळी मेंढ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडताना ताज्या व्यालेल्या प्रत्येकीची कास चाचपायचे. आम्ही पोरं हसायचो.

एक बघा, कास अजून गरमच आहे ना? थंड पडून निळी-काळी दिसायला लागली तर कासेचा नाद सोडा, आधी मेंढी वाचवायची. आणि कोकरांच्या ओठांवर फोड, खपल्या आहेत का? तो मावा रोग असला तर तोच सडाला लागतो, मग मेंढी पाजू देत नाही.

निफाडची_डॉक्टर
दादा, अर्धी ट्यूब अजिबात सोडू नका. मेंढीच्या सडाचं भोक बारीक असतं, गाईच्या ट्यूबची नळी खुपसली तर आतून फाटतं. हळद-चुन्याचा लेप वरच राहतो, दुखणं आत आहे. ताप मोजा. १०२ ते १०३ नेहमीचा, १०४ च्या वर गेला तर आजच गावातल्या डॉक्टरांना बोलवा. सुईची मात्रा वजनावर ठरते. डाव्या बाजूचं दूध दिवसातून तीन-चारदा भांड्यात काढा आणि लांब पुरा. गोठ्यात जमिनीवर पिळू नका, बाकीच्या अकरा तिथंच बसतात.

कासेचे दोन भाग आतून वेगळे असतात. डावीकडचं दूध उजवीकडे येत नाही, त्यामुळे उजवी बाजू चांगली असू शकते, पण दोघांना ती पुरणार नाही. बारकं कोकरू वरच्या दुधावर घ्या. मेंढीच्या दुधात ६-७ टक्के फॅट असतं, गाईच्या साधारण ४. म्हणून म्हशीचं मिळालं तर बरं. कोमट, थोडं थोडं, चार-पाच वेळा. उभं करून पाजा, उताणं धरलंत तर दूध फुफ्फुसात जातं.

सिन्नरचा_मेंढीवाला
ताई, ताप १०५ निघाला. डॉक्टर दुपारीच येऊन गेले. म्हणाले मेंढी वाचेल, पण डाव्या सडाचा भरवसा धरू नका. फोड-बिड काही नाहीत, तेवढं बरं.

म्हैस जवळपास नाही. चुलत्याची संगमनेरी शेळी व्यालेली आहे, तिचं एकच करडू. कोकरू तिच्याखाली लावलं तर शिंगं रोखली. आता आई शेळीची मान काखेत धरते आणि मी कोकरू सडाला लावतो. सकाळी दोन मिनिटं तरी शेपूट हलवत प्यालं.

वाड्यावरचा_पोरगा
शेळीचंच दूध कोकराच्या पाठीला आणि शेपटीला चोळा. ती शेपटीखाली हुंगूनच ओळखते. दोन-तीन दिवस मान धरावी लागेल, आईला सांगा.