दोन रात्री मुलाला कुठे ठेवू?

कोथरूडची आई: मुलगा ११ वर्षांचा, सीपी (सेरेब्रल पाल्सी, हालचालींवर ताबा कमी) आहे, फिट्सचं औषध रात्री ९ ला. पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन, नवरा माझ्यापाशी आणि सासूबाईंना त्याला उचलणं झेपत नाही. पुण्यात दोन रात्री नीट सांभाळणारं कुणी?

हडपसरचा बाबा: केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘समर्थ’ योजना मुळात रेस्पाइट केअरसाठीच, म्हणजे घरच्यांना अडचण असताना थोडे दिवस सांभाळायला, सुरू झाली, सीपी त्यात बसतं, त्यांच्याकडे नोंदणी असलेल्या संस्थांतच विचारा. थेट रात्र नको, आधी एक दुपार ठेवून बघा.

सिंहगड रोड: रात्री जागं कोण असतं ते विचाराच, आम्हाला एका ठिकाणी ‘असतं कोणीतरी’ म्हणाले, आम्ही तिथूनच परत. फिट ५ मिनिटांच्या वर गेली तर काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन द्या.

कोथरूडची आई: परक्या उशीवर झोपत नाही हो तो..

सिंहगड रोड: मग उशी पाठवा की! न धुतलेली.