मदत हवी आहे: माजघर १० मिमीत मावतं, पण ते आमचं माजघर वाटत नाही

मंडळी,

गुहागर तालुक्यातलं आमचं घर दिवाळीनंतर उतरवायचं ठरलं आहे. आढ्याला वाळवी लागली आहे आणि मागच्या पडवीची भिंत दोन पावसाळ्यांत फुगून बाहेर आली आहे, त्यामुळे घरात आता यावर वाद नाही. त्याआधी प्रत्येक खोलीचा नीट फोटो काढून ठेवायचं काम मी अंगावर घेतलं आणि तिथेच अडकले आहे.

सामान असं: कॅननचा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स (आकडा जितका लहान, तितका कोन रुंद) आणि खास याच कामासाठी सेकंडहँड घेतलेली १०-१८. माजघर १४ फूट बाय ११ फूट. १८ वर कोपऱ्याला पाठ टेकवून उभं राहिलं तरी एक भिंत आणि दुसरीचा तुकडा, एवढंच येतं. १० वर दोन्ही भिंती, खालची सारवलेली जमीन, वरचे वासे असं सगळं येतं. गणपतीत सगळे जमले होते, तेव्हा दोन दिवसांत चारेकशे फोटो काढले. पुण्याला येऊन संगणकावर पाहिले आणि फार वाईट वाटलं.

खांबांचंच बघा. वासे यावेत म्हणून कॅमेरा थोडा वर केला, तर चारही खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात. सॉफ्टवेअरमध्ये ते उभे केले की खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रिकामी जागा उरते. ती छाटली की दळायचं जातं आणि त्याच्याजवळचा कोनाडा फोटोतून जातो. नेमकं ते जातंच मला हवं आहे.

मागच्या दाराचा उजेड ही दुसरी अडचण. दार पांढरंफटक येतं किंवा मग आतलं सगळं काळं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरून पाहिला, तर मध्यभागी उजेड, कोपरे अंधारात आणि खाली लेन्सचीच अर्धगोल सावली.

ओटीवर सगळ्यांना बसवून एक फोटो काढला. कडेला बसलेल्या आत्याचा चेहरा आणि दंड इतके आडवे पसरले आहेत की तो फोटो मी तिला दाखवलेला नाही. ती ८१ वर्षांची आहे. दिवाळीत पुन्हा सगळ्यांना बसवेन, पण तेव्हा चूक होऊन चालणार नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. थोरल्या काकांना माजघराचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "अगं, हे आपलं माजघर नव्हे. एवढं मोठं होतं तर आम्ही सात भावंडं एकमेकांच्या पायांवर पाय टाकून का झोपत होतो?" त्यांचं खरं आहे. फोटोत समोरची भिंत कुठच्या कुठे गेली आहे आणि जमीन नुसती पसरली आहे. त्या घराचा जो दाटपणा होता, तोच नाहीसा झालाय.

माझा प्रश्न असा: खोली पूर्ण यावी आणि तरीही तेवढीच दिसावी, असं काही करता येतं का? की या लेन्सकडून ही अपेक्षाच चुकीची आहे? शिफ्ट लेन्स (कॅमेरा वर न उचलता चित्र वर सरकवणारी) घेणं किंवा भाड्याने आणणं माझ्या आवाक्यात नाही. दिवाळीत चार दिवस मिळतील. त्यानंतर कौलं उतरणार.

प्रतिसाद १

जुन्या वाड्यांचे फोटो काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खांब झुकतात ते कॅमेरा वर उचलल्यामुळे. कॅमेरा पूर्ण समतल ठेवा, पडद्यावरची लेव्हल चालू करा, तसूभरही वर-खाली नको. मग वासे कसे येणार? कॅमेरा उभा धरा. हिशेब सांगतो. कॅमेरा जमिनीपासून ४ फुटांवर असेल आणि भिंत १० फुटांवर, तर आडव्या फ्रेममध्ये त्या भिंतीचा साधारण साडेअकरा फुटांपर्यंतचा भाग येतो, उभ्या फ्रेममध्ये १५ फुटांपर्यंतचा. खाली जास्तीची जमीन येईल, ती नंतर छाटा. छाटल्यावर पिक्सेल कमी होतात, पण रेषा मुळातच सरळ असल्याने जातं कुठे जाणार नाही. रुंदी कमी पडली तर ट्रायपॉड न हलवता कॅमेरा शेजारी वळवून दुसरा उभा फोटो घ्या आणि जोडा.

उजेडासाठी ढगाळ दिवस किंवा दिवेलागणीची वेळ. बाहेरचा उजेड उतरत उतरत घरातल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो, तेवढी मोजकी मिनिटं पकडायची. फ्रेम आधीच लावून ठेवा. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, हात हलल्याची भरपाई करणारा स्टॅबिलायझर बंद. फोकस हाताने लावा, कारण अंधारात ऑटोफोकस भरकटतो. १० मिमी आणि एफ ८ वर फोकस ७० सेंटिमीटरवर ठेवला तर सुमारे ३५ सेंटिमीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तरीही दार पांढरं पडलं तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी आणि दोन स्टॉप जास्त असे आणखी दोन फोटो घेऊन एकत्र करा. फ्लॅश विसरा. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा झोत एवढ्या रुंद कोनाला पुरत नाही.

आत्यांच्या फोटोला मात्र १०-१८ लावूच नका. १० मिमीला फ्रेमच्या अगदी कडेचा चेहरा त्याच्या उंचीच्या मानाने जवळपास दीडपट रुंद होतो. १८ ला हेच प्रमाण १.२ पटीच्या आत राहतं, आणि ३५ ला डोळ्यांना जाणवतही नाही. सगळ्यांना ओटीच्या पायऱ्यांवर बसवा, तुम्ही खळ्यात मागे जा आणि १८-५५ वर ३५ च्या आसपास काढा. आत्या मध्यभागी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त काकांच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण मला तोच खरा प्रश्न वाटतो.

लेन्स खोटं सांगत नाहीये. तुमचा डोळा त्याच कोपऱ्यात असता तर भिंतींचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच असतं. गडबड फोटो बघण्याच्या अंतरात आहे. तुमच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. १० मिमीवर काढलेला फोटो ४५ सेंटिमीटर रुंद छापला, तर तो २० सेंटिमीटरवरून पाहिला की खोली खऱ्या प्रमाणात दिसते. तोच फोटो मोबाइलवर ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर डोळा ३ सेंटिमीटरवर हवा. एवढ्या जवळून मोबाइल कोण बघतं? काकांनी हातभर लांबून पाहिला, म्हणून माजघर पसरलं.

म्हणून १० मिमीचा एक फोटो मोठा छापा, ९० सेंटिमीटर रुंद, आणि काकांना ४० सेंटिमीटरवर उभं करून दाखवा. बाकीचे फोटो १४-१५ वर काढा, तेही दारातून, उंबऱ्याबाहेर मागे सरकून. एक भिंत सुटली तर सुटू द्या. दाराची चौकट फ्रेममध्ये आली की खोलीचं माप आपोआप कळतं. रिकामी जमीन पुढे ठेवू नका, हा कोन तिलाच सर्वांत जास्त फुगवतो.

आणि जमलं तर माजघरात सात अंथरुणं घाला. काकांना माप विचारा आणि जशी घालत तशीच घाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज पुण्यातल्या घरी कॅमेरा उभा आणि समतल धरून पाहिलं, कपाटाच्या कडा पहिल्यांदाच सरळ आल्या. बघण्याच्या अंतराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. जुनाच फोटो संगणकाच्या पूर्ण पडद्यावर लावून नाक टेकेल इतक्या जवळून पाहिला, तर कोनाडा अगदी तिथे दिसला जिथे माझा हात जायचा.

काकांना अंथरुणांचं विचारलं. त्यांनी वहीच्या कागदावर आकृती काढून पाठवली आहे: देवघराच्या भिंतीकडे डोकी, थोरल्या दोघांच्या वाकळा दाराशी, आत्या सर्वांत आत जात्याजवळ. गोधड्या पेटीत आहेत, त्यांना ऊन द्यावं लागेल. वरून फोटो घ्यायचा तर माळ्यावर चढावं लागेल आणि कॅमेरा सरळ खाली रोखावा लागेल. तिथे ट्रायपॉड राहणार नाही आणि वाशाला क्लॅम्प लावायला वाळवीमुळे धजत नाही. माळ्याच्या तोंडाशी आडवी शिडी टाकून तिच्यावर क्लॅम्प बसवण्याचा अनुभव कोणाला आहे का?