मदत हवी आहे: जुन्या इंटरफेसला चालेल असा लॅपटॉप सुचवा, रविवारी घ्यायचाय

वडगावचा_पखवाजी
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाला म्हणतो, यात आता पैसे घालू नका. बजेट ४५ हजार. आय फाइव्ह घेऊ की रायझन? ८ जीबी रॅम पुरेल की १६ लागेल? माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा इंटरफेस जुना आहे, पण आवाज सुरेख येतो, त्यामुळे तो बदलायचा नाही. सप्ताह तोंडावर आलाय, रविवारी कोल्हापूरला जाणार आहे. लवकर सांगा.

खानापूर_एक्स्प्रेस
डोळे झाकून रायझन फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी. माझ्या मुलाला हाच घेतलाय, गेमसुद्धा मस्त चालतात.

स्वरगंध
भाऊ, इंटरफेस कुठला? कंपनी आणि मॉडेल सांगा, त्याशिवाय काही सांगता येत नाही.

निपाणीकर७
मी सांगतो, लॅपटॉपच्या नादी लागू नका. हातात मावणारा रेकॉर्डर घ्या, मेमरी कार्ड घाला, मंडळाच्या मधोमध स्टँडवर लावा. आमच्या इथे हरिपाठ तसाच रेकॉर्ड करतो. विंडोजचा अपडेट मध्येच येत नाही की काही हँग होत नाही.

वडगावचा_पखवाजी
@निपाणीकर७ मधोमध एक माईक ठेवला की टाळांच्या खणखणाटात बुवांचा शब्द बुडतो, ते करून झालंय. मला प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा पाहिजे. @स्वरगंध फोकसराइटचा आहे, आठ माईकचा. पण प्रश्न लॅपटॉपचा आहे की हो.

स्वरगंध
आठ माईकचे त्यांचे बरेच आहेत. सफायर की स्कार्लेट? मागच्या बाजूला कॉम्प्युटरची केबल लागते ते सॉकेट कसं दिसतं? चौकोनी यूएसबी आहे का?

खानापूर_एक्स्प्रेस
यूएसबीच असणार, दुसरं काय असतंय? कुठलाही लॅपटॉप चालेल.

वडगावचा_पखवाजी
सफायर प्रो ४०. सॉकेट यूएसबीचं नाही. लांबट आहे, एका टोकाला निमुळतं. जुन्या लॅपटॉपला तसंच लहान भोक होतं, त्यात केबल जायची. नव्या लॅपटॉपलाही असेलच ना?

स्वरगंध
नसतं! बरं झालं रविवारच्या आधी सांगितलंत. ते फायरवायर आहे, यूएसबीसारखीच पण वेगळी जुनी जोडणी, ६ पिनची. आज दुकानात मिळणाऱ्या एकाही नव्या लॅपटॉपला ते पोर्ट येत नाही. तुम्ही ४५ हजारांचा घ्या नाहीतर दीड लाखाचा, घरी आणून केबल लावायला जागाच नसणार. आय फाइव्ह की रायझन हा प्रश्न नंतरचा, आधी पोर्ट बघा.

तिसरं_रेल्वेगेट
ऑनलाइन यूएसबी ते फायरवायर केबल मिळते की, दोन-तीनशे रुपयांत. ती मागवा आणि कुठलाही लॅपटॉप घ्या.

स्वरगंध
कृपा करून ती घेऊ नका. त्या केबलच्या दोन टोकांचा आकार तेवढा वेगळा असतो, आत रूपांतर करणारं काहीच नसतं. यूएसबी आणि फायरवायर बोलतातच वेगळ्या पद्धतीनं, नुसत्या तारा जोडून इंटरफेस ओळखला जात नाही.

शहापूरचे_काका
पखवाजी, तुमच्या मंडळात जुन्या चाली म्हणणारे कोणी आहेत का? आमच्या लहानपणी गल्लीत काकडआरतीच्या चाली वेगळ्या होत्या, आता सगळीकडे एकच ऐकू येते. आपल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, तो हा मुलूख. आणि आमच्या गल्लीतल्या गाणाऱ्यांचा आवाज कुठेच नोंदलेला नाही. तुम्ही हे काम करताय याचा फार आनंद वाटला.

वडगावचा_पखवाजी
काका, त्यासाठीच तर घाई आहे. आमचे बुवा ऐंशीच्या पुढचे. गवळणींच्या काही चाली त्यांच्याशिवाय कोणाला येत नाहीत. सप्ताहाला ते सगळ्या म्हणणार आहेत. @स्वरगंध म्हणजे इंटरफेस फेकायचा का?

चिकोडी_साउंड
फेकू नका, विका. माझं स्पष्ट मत आहे, मेलेल्या पोर्टवर पैसे घालायचे नाहीत. साधा लॅपटॉप घ्या, उरलेल्या पैशात दोन माईकचा नवा यूएसबी इंटरफेस घ्या. ड्रायव्हरची कटकट नाही, दहा वर्षं बघायला नको.

स्वरगंध
दोन माईकमध्ये बुवा, पेटी, पखवाज, टाळ आणि मागचे गाणारे कसे बसवणार? आठ माईकचा नवा इंटरफेस घेतला तर लॅपटॉपला पैसे उरत नाहीत. प्रो ४०चे आठही प्रीअँप (माईकचा बारीक आवाज मोठा करणारे भाग) चालू असताना तो विकणं मला पटत नाही.

चिकोडी_साउंड
पटो न पटो, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फायरवायर असलेले लॅपटॉप इतके जुने की त्यांना विंडोज इलेव्हन अधिकृतपणे चालत नाही. उद्या व्हायरस आला की बुवांच्या चाली गेल्या.

स्वरगंध
तो लॅपटॉप नेटला जोडायचाच नाही. रेकॉर्डिंगसाठी वेगळा ठेवायचा. रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री बाहेरच्या दोन हार्ड डिस्कवर कॉपी, एक घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. हे नव्या लॅपटॉपलाही करावंच लागतं.

लिनक्स_गोकाक
विंडोज सोडा. लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, फायरवायर ऑडिओचे ड्रायव्हर आहेत. उबुंटू स्टुडिओ (ऑडिओसाठीचं लिनक्स) टाका, रेकॉर्डिंगला आर्डर हे सॉफ्टवेअर वापरा. सगळं फुकट आणि अपडेटही चालू.

चिकोडी_साउंड
सप्ताह तोंडावर असताना माणसाला लिनक्स शिकायला लावताय?

लिनक्स_गोकाक
शिकायला काय लागतंय, मी स्वतः गोकाकहून येऊन बसवून देतो. पण पोर्ट तरी लागणारच, त्या बाबतीत स्वरगंध यांचं बरोबर आहे.

पोवईनाका_रिटर्न
मी पुण्यात स्टुडिओत होतो, आता बेळगावातच असतो. असला संच मी हाताळलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे सेकंडहँड मॅकबुक प्रो, १३ इंची, २०१२चं मॉडेल. त्याला फायरवायर ८०० असतं. ९ पिन ते ६ पिन केबल घेतली की तुमचा प्रो ४० थेट लागतो. किंमत तुमच्या बजेटच्या बरीच आत बसते.

पण बघून घ्या. त्याच वर्षी रेटिना मॉडेलही आलं होतं, त्याला फायरवायर नाही. उजव्या कडेला डीव्हीडीची फट असेल तेच घ्यायचं. विकणारा सांगेल की यात अगदी नवं मॅकओएस टाकलंय. ते जबरदस्तीनं टाकलेलं असतं, कारण त्या मशीनला अधिकृतपणे मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपर्यंतच जाता येतं. तुम्हाला नवं नकोच आहे, अ‍ॅपलने मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा सपोर्टच काढलाय. कॅटालिना किंवा त्याच्या आधीचं घालून मागा, आणि फोकसराइटच्या साइटवर सफायरचं कुठलं सॉफ्टवेअर त्याला चालतं ते जायच्या आधी बघा.

टेबलावर ठेवून ट्रॅकपॅड वर आलाय का ते बघा, आला असेल तर बॅटरी फुगलीय. या मॉडेलमध्ये हार्ड डिस्कची पातळ पट्टी केबल खराब होते, मग एसएसडी घालूनही मशीन अडकत राहतं. दुकानातच एक मोठी फाइल कॉपी करून बघा.

विंडोजच पाहिजे असेल तर एचपीचं एलिटबुक ८४७०पी शोधा. त्याला ४ पिनचं फायरवायर असतं. ४ पिनमधून वीज येत नाही, पण प्रो ४०ला स्वतःचा पॉवर असतो, त्यामुळे अडत नाही.

खानापूर_एक्स्प्रेस
एवढ्या जुन्या मशीनवर आठ ट्रॅक झेपतील का? प्रोसेसर किती जुना आहे बघा की.

पोवईनाका_रिटर्न
झेपतात. हिशोब करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे एका ट्रॅकला सेकंदाला १४४ केबी. आठ ट्रॅकचे साधारण १.१५ एमबी. तासाला चार जीबीच्या थोडं वर. एसएसडीला हे काहीच नाही. ताण येतो तो मिक्सिंगला, ढीगभर इफेक्ट लावले की. तेव्हा सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज थोडा साठवून मग पुढे पाठवण्याची सेटिंग) ५१२ किंवा १०२४ वर न्या. रॅम ८ जीबी पुरे. वायफाय बंद ठेवा.

महाद्वार_रोड
खोलीचं काय? वडगावात मागांचा खडखडाट असतो. कितीही भारी लॅपटॉप घेतला तरी माईकमध्ये माग येणारच.

वडगावचा_पखवाजी
मागच्या गल्लीतले माग रात्री बंद झाले की बसतो आम्ही. खिडकीला दोन गोधड्या लावतो. त्याचं जमलंय, पण एक बारीक घूंऽऽ आवाज सगळ्या ट्रॅकवर यायचा, तो नवीन मशीनवरही येईल का?

पोवईनाका_रिटर्न
चार्जर काढून बॅटरीवर लावून बघा. घूं गेला तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच बोर्डावरून घ्या, आणि त्या बोर्डाला अर्थ खरंच आहे का ते वायरमनकडून तपासा. चार्जरची अर्थची पिन मात्र कधी कापू नका, काही लोक तसं सुचवतात.

शहापूरचे_काका
माझ्याकडे जुनी सतरंजी आहे, जाड. जमिनीवर टाकायला न्या. फोन करायला नको, सरळ घरी या.

वडगावचा_पखवाजी
काका, उद्या संध्याकाळी येतो. मंडळी, ठरलं. कोल्हापूरच्या दोन सेकंडहँड दुकानांत फोन केला. एकाकडे डीव्हीडीवाला २०१२चा मॅकबुक आहे. इंटरफेस आणि एक माईक सोबत घेऊन जातो, तिथेच लावून बघतो, चालला तरच पैसे. नाही मिळाला तर एलिटबुक, आणि मग लिनक्स_गोकाक भाऊंना बोलावणार. ९ पिनची केबल कुठे मिळेल तेवढं सांगा.

पोवईनाका_रिटर्न
दुकानात मिळेलच असं नाही, माझी जादा आहे ती शनिवारी देतो. एक लक्षात ठेवा, ६ पिनचं टोक निमुळती बाजू बघूनच घाला. जुनी सैल सॉकेटं उलटी केबलही आत घेतात, आणि तसं झालं तर पोर्ट जळतो. केबल लावताना इंटरफेस आणि लॅपटॉप दोन्ही बंद ठेवा. आधी केबल, मग इंटरफेस चालू, मग लॅपटॉप. दुकानदारालाही लावू देऊ नका, तुम्ही स्वतः लावा.