दीड वर्षाचा मुलगा खेळणी टाकून डब्यांकडेच धावतो: घरच्या वस्तूंतून काय खेळ द्यावेत?

मांजलपूरची_आई
आम्ही बडोद्यात राहतो. मुलगा १८ महिन्यांचा आहे. चालतो, आठ-दहा शब्द बोलतो. बॅटरीची खेळणी दोन मिनिटांत सोडून स्वयंपाकघरातले डबे ओढतो, हाती येईल ते फेकतो. घरात मराठी, सांभाळायला येणाऱ्या बेन (ताई) गुजराती बोलतात. घरच्या वस्तूंतून काय करता येईल? मापं सांगितलीत तर बरं.

खेळघर
ताई, त्याची निवड बरोबर आहे. बटण दाबलं की खेळणं स्वतःच गातं-नाचतं, मग मुलाला करायला काही उरत नाही. डब्याचं झाकण निघतं, पडतं, वाजतं, पुन्हा बसत नाही, आणि हे सगळं तो स्वतः करतो.

तीन लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला ८ सेंमीचं गोल भोक पाडा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि टाकायला टेनिसचा चेंडू द्या. चेंडू कसाही धरला तरी आत जातो, म्हणून सुरुवात त्याने. टेबल टेनिसचा मात्र देऊ नका. तो ४० मिमीचा असतो आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ४४.५ मिमीपेक्षा लहान चेंडू नको, घशात अडकतो. राजमा, मणी, बाटल्यांची बुचं यांनाही तीच भीती.

चेंडू सहज जायला लागला की दुसऱ्या झाकणाला ८ सेंमी लांब, २ सेंमी रुंद फट कापा आणि बरण्यांची ७ सेंमीची प्लास्टिकची झाकणं द्या. आता मनगट वळवावं लागतं. मूल झाकण आडवं आणतं, ते अडतं, मूल जोर लावतं, आपल्याकडे बघतं. नेमकं इथेच मोठी माणसं त्याचा हात धरून वळवतात आणि सगळा खेळ वाया जातो. हात धरू नका, डबा थोडा फिरवा. फट झाकणाच्या रेषेत आली की ते 'टप्प' पडतं. दोन-तीनदा असं झालं की मनगट आपोआप वळायला लागतं.

कणीकही द्या: एक वाटी पीठ, लागेल तेवढं पाणी, चमचाभर तेल. मीठ घालू नका. टिकावी म्हणून खेळायच्या कणकेत खूप मीठ घालतात, पण हे वय सगळं तोंडात घालण्याचं आहे आणि तेवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं. कच्ची कणीकही खाऊ देऊ नका. संध्याकाळी टाकून द्या.

दांडियाबाजार
फेकणं बंद करायच्या मागे लागू नका, फेकायची जागा ठरवा. मोज्यांचे चार-पाच गोळे आणि एक टोपली, हातभर अंतरावर. वाटी उचलली की 'फेकू नको' म्हणण्याऐवजी 'वाटी खाली, गोळा टोपलीत' म्हणा. रोज तेच शब्द. एका वेळी चार-पाचच वस्तू बाहेर ठेवा, बाकी कपाटात. ढीग समोर असला की मूल एकातही रमत नाही. आणि पाण्याचा खेळ द्याल तर हाताच्या अंतरावर बसून राहा, झाल्याबरोबर घमेलं उपडं करा. चार बोटं पाण्यातही मूल बुडू शकतं.

मांजलपूरची_आई
दोन भाषांमुळे बोलणं मागे पडेल का? घरचे सारखं म्हणतात.

खेळघर
नाही. 'मांजर' आणि 'बिलाडी' दोन्ही मोजा, शब्द दोन्ही भाषांतले मिळून धरायचे. बेनना गुजरातीतच मोकळं बोलू द्या. फक्त 'हा कोणता रंग?' अशी परीक्षा घेऊ नका. 'झाकण गेलं आत!' म्हणा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहा. बरीच मुलं त्या शांततेतच बोलतात.

१८ महिने होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येणारे शब्द विसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. डीएएसआयआय ही बालविकास तपासण्याची भारतीय मोजपट्टी बडोद्यातल्याच मुलांच्या अभ्यासातून आली. ती ३० महिन्यांपर्यंत लागू होते, पण प्रशिक्षित माणसानेच वापरायची असते.

दांडियाबाजार
आठवड्यातून दोनदा कमाटीबागेतही न्या, अनवाणी. गवताच्या उतारावर चढ-उतर करताना जो तोल साधावा लागतो, तो फरशीवर लागत नाही.