बिनतेलाचे लिंबाचे लोणचे टिकते, मग तेलातला लसूण धोक्याचा कसा?

प्रश्न:
आमच्याकडे उपासाचे लिंबाचे गोड लोणचे तेलाचा थेंबही न घालता करतात आणि ते फ्रिजबाहेर वर्षभर उत्तम राहते. याउलट, सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नये, असे अलीकडे वाचनात आले. लोणचे तेलामुळे टिकते अशीच माझी आजवर समजूत होती. खरे काम आंबटपणा करतो का, आणि करत असेल तर कसे?

प्रतिसाद १:
आपल्या लोणच्यात आंबटपणा, मीठ आणि साखर असे तिघे मिळून काम करतात. मीठ व साखर पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जंतूंना ते वापरता येत नाही. आम्लाचे काम अधिक खोलवरचे आहे. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लाचे जे रेणू विघटित झालेले (म्हणजे विद्युतभारित कणांत फुटलेले) नसतात, ते जंतूच्या पेशीपटलातून सहज आत शिरतात. आतला भाग जवळजवळ उदासीन (ना आम्ल, ना अल्क) असल्याने तेथे त्यांचे विघटन होते, पेशी आतून आम्लयुक्त होते आणि ते आम्ल बाहेर फेकण्यातच तिची बरीचशी ऊर्जा खर्च होते. म्हणूनच पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) सारखाच असला तरी ॲसेटिक आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा जंतूंना अधिक जाचक ठरते.

प्रतिसाद २:
लसणाचा धोका वेगळा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू (त्याची तग धरून राहणारी सुप्त रूपे) मातीत असतात, त्यामुळे जमिनीखाली वाढणाऱ्या लसणावर ते असू शकतात. हा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो आणि प्राणघातक विष तयार करतो, पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर मात्र त्याची वाढ होत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो, लसणाचा सहाच्या जवळपास. तेलाला स्वतःचा आंबटपणा नाही, उलट ते हवा अडवून या जंतूची सोयच करते. वास किंवा चव बिघडली नाही तरी विष असू शकते, हे विशेष लक्षात ठेवावे.

प्रश्नकर्ती:
मग लसणात थोडा लिंबाचा रस पिळला तर चालेल का?

प्रतिसाद २:
ताई, ‘थोडा’ या शब्दाचीच मला भीती वाटते. आम्ल पाकळीच्या गाभ्यापर्यंत मुरायला हवे, आणि अंदाजाने पिळलेल्या रसाने ते मुरेलच असे नाही. तेलातला लसूण हवाच असेल तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

प्रतिसाद ३:
एक पुरवणी जोडतो. बुरशीला आंबटपणाचे फारसे भय नसते. काही बुरशी तर आम्लच खाऊन टाकतात आणि पीएच वर चढू देतात. त्यामुळे लोणच्यावर बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेले वापरण्याची आपल्याकडची काटकसर मला मान्य नाही. ती बरणी टाकूनच द्यावी.