१०^-६ मराठीत मोठ्याने कसं वाचायचं?

वाचनवेडी: दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचं पुस्तक ध्वनिमुद्रित करतेय. तांबड्या रक्तपेशीचा व्यास साधारण ०.०००००७५ मीटर, म्हणजे ७.५ × १०^-६. मी वाचलं, 'दहाचा उणे सहावा घात'. सोबतच्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, 'उणे सहावा' असं काही नसतं, 'दहाचा घातांक वजा सहा' म्हणा. तुम्ही काय म्हणता?

कातळशिल्प: बाईंचं अर्धं पटतं. सहावा हा क्रम झाला, आणि उणे सहावा नंबर कुणाचाच येत नाही. पण 'वजा' नको. वजा करणं ही क्रिया. इथे संख्याच ऋण आहे. 'घातांक ऋण सहा'.

पाटीपेन्सिल: आमच्या प्रयोगशाळेत मराठी माध्यमातून आलेली मुलंसुद्धा 'टेन रेज टू मायनस सिक्स' म्हणायची. मायनस केव्हाच मराठी झालाय.

कातळशिल्प: प्रयोगशाळेत खुशाल म्हणा. शाळेच्या पुस्तकात 'ऋण संख्या' शिकलेल्या मुलीच्या कानावर अचानक 'मायनस' कशाला?

ऊनपाऊस: 'उणे'ला का हाकलता? एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास, सगळ्यांत तोच 'ऊन', म्हणजे 'कमी', बसलाय. 'वजा' अरबी-फारसीकडून आला, 'उणे' घरचा आहे. आणि 'घात' म्हणजे मुळात गुणाकार. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात 'समत्रिघातश्च घनः' म्हटलंय, तीन समान संख्यांचा गुणाकार तो घन.

दशमान: शब्द कुठलाही घ्या, पण मुलं अडतात ती वेगळ्याच जागी. टिंबानंतरची शून्यं मोजतात आणि १०^-५ लिहितात. शून्यं पाचच आहेत, पण टिंब सातच्या पुढे न्यायला सहा घरं उजवीकडे सरकवावं लागतं, म्हणून -६. नुसत्या कानाने पाच शून्यं मोजणं तर फारच अवघड. त्यापेक्षा सरळ 'साडेसात दशलक्षांश मीटर' वाचा.

वाचनवेडी: 'साडेसात दशलक्षांश' कानाला फार छान लागतं! पण पुस्तकात घातांकच शिकवायचाय, तो वगळता येणार नाही.

पाटीपेन्सिल: आणि पुढच्या धड्यातला गुरुत्व स्थिरांक? ६.६७ × १०^-११. त्याला 'निखर्वांश' म्हणणार?

ऊनपाऊस: का नाही? नॅनोटेक्नॉलॉजीला 'अब्जांश तंत्रज्ञान' चालतंच की. लीलावतीत परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत नावं आहेत.

पाटीपेन्सिल: इलेक्ट्रॉनचा विद्युतप्रभार १.६ × १०^-१९ कूलोम. परार्ध तिथे अपुरा पडला.

दशमान: एवढ्यासाठीच तर ही पद्धत आली! नावं पाठ करायची गरजच उरत नाही.

कातळशिल्प: वाचनवेडी, ७.५ कसं वाचलंत? 'सात दशांश पाच' की 'सात पूर्णांक पाच दशांश'?

वाचनवेडी: 'सात दशांश चिन्ह पाच'.

ऊनपाऊस: चिन्ह कशाला उच्चारायचं? आमच्या शाळेत 'सात पूर्णांक पाच दशांश' असंच होतं, आणि ०.०४५ म्हणजे 'पंचेचाळीस सहस्रांश'.

पाटीपेन्सिल: आमच्याकडे 'सात पॉइंट पाच'.