नायट्रो फिनिशच्या गिटारवर स्टँडचे डाग: खरवडून नवे फिनिश द्यावे का?

प्रश्न

नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी मी सनबर्स्ट रंगाची (मध्ये उजळ आणि कडेला गडद होत जाणारी) एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिचे फिनिश, म्हणजे लाकडावरचा चकचकीत थर, नायट्रोसेल्युलोज लॅकरचे (थोडक्यात नायट्रो) असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. जूनमध्ये तीन आठवडे गावी गेलो असताना ती रबरी टेकूच्या स्टँडवर राहिली. परत येऊन उचलली, तर तळाशी दोन ठिकाणी चकाकी गेलेली होती, बोट लावल्यावर चिकट लागत होते आणि रबराची नक्षी तशीच्या तशी उमटली होती. शिवाय पावसाळा लागल्यापासून नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, अंगठा अडकतो. सगळे खरवडून पॉलियुरेथेन मारून घ्यावे, असे एका मित्राचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

कृपया खरवडू नका. नायट्रो लॅकर वाळते ते केवळ त्यातील थिनर उडून गेल्यामुळे; त्यात दुसरी कोणतीही रासायनिक बांधणी होत नाही, म्हणून ते कितीही जुने झाले तरी थिनरने पुन्हा विरघळते आणि रबर, रेक्झिन किंवा फोममधील मऊपणा आणणारी द्रव्ये त्यात उतरली की ते मऊ पडते. तुमच्या गिटारचे नेमके हेच झाले आहे. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर (दोन्हींना थोडक्यात ‘पॉली’ म्हणतात) मात्र रासायनिक क्रियेने कायमचे कडक होतात, त्यामुळे त्यांना स्टँडचा त्रास सहसा होत नाही.

तरीही खात्री करून घ्या. पिकगार्ड (गिटारच्या दर्शनी बाजूला ओरखडे टाळण्यासाठी बसवलेली पातळ पट्टी) उघडून त्याखालच्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने थेंबभर थिनर लावा. नायट्रो असेल तर लगेच चिकट होईल. पॉलीवर फारसा परिणाम होणार नाही.

जे लॅकर विरघळते ते दुरुस्तही नीट होते, कारण नवा थर जुन्यात वितळून एकजीव होतो आणि सांधा दिसत नाही. मात्र हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लॅकर मारले की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर धरते आणि थर पांढुरका पडतो. फर्निचर पॉलिश करणारा कोणताही कारागीर तुम्हाला हेच सांगेल. तोवर स्टँडला जाड सुती कापड गुंडाळा आणि बरेच दिवस वाजवणार नसाल तेव्हा गिटार केसमध्ये ठेवा.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. थोडे विषयांतर होईल, पण आपल्याकडे फर्निचरवरच्या फवारलेल्या रंगाला आजही ज्या नावाने ओळखतात, तो ‘ड्युको’ म्हणजे मुळात ड्युपाँट कंपनीचा मोटारींसाठीचा नायट्रो लॅकर होय, आणि फेंडर या गिटार कंपनीने आपले खास रंग त्याच कंपनीच्या मोटारींच्या रंगांमधून निवडले होते. हे फिनिश जसे म्हातारे होते, तसे दुसरे कोणतेही होत नाही, असे मला मनापासून वाटते. वरचा पारदर्शक थर पिवळा पडत जातो, त्यामुळे पांढरी गिटार सायीसारखी दिसू लागते आणि निळी हिरवट होते. थंडी-उन्हाच्या फरकाने त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. 1958 आणि 1959 सालच्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल सनबर्स्ट गिटारींमधील लाल रंग उन्हाने इतका उडाला की काही गिटारी आता निव्वळ मधाच्या रंगाच्या दिसतात.

नेकसाठी उपाय सोपा आहे. मागच्या बाजूची चकाकी अगदी बारीक पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने मारा. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) आधी टेपने झाका, नाहीतर त्याचा चुरा चुंबकांना चिकटून बसतो. काही वर्षांनी हाताच्या घर्षणाने तो भाग पुन्हा गुळगुळीत होईल, तेव्हा हेच परत करावे लागेल.

प्रतिसाद ३

पॉलीची बाजूही मांडतो. माझी पॉलिएस्टर फिनिशची गिटार पंधरा वर्षे दर आठवड्याला घामाने भिजते आणि तरी ती आणली त्या दिवसासारखीच दिसते. एकदा ती दाराच्या कडीवर आदळली, तेव्हा काचेसारखा टवका उडून खालचे लाकूड उघडे पडले. मी तो खड्डा सुपरग्लूने भरून घासून घेतला, पण नीट पाहिले की कड दिसतेच. रोजच्या कार्यक्रमांना मी पॉलीच सुचवीन. पण ज्या गिटारवर आधीच नायट्रो आहे, तिचे मूळ फिनिश घालवणे मलाही पटत नाही. त्याने तिची किंमतही उतरेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पिकगार्ड उघडले. काडीला लॅकर लगेच चिकटून आले, म्हणजे नायट्रोच आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिकगार्डखाली सनबर्स्टची कड डाळिंबासारखी लाल आहे आणि दोन मिलिमीटर बाहेर तीच विटकरी झाली आहे. इतकी वर्षे ही गिटार कोणाच्या तरी खिडकीपाशी उभी असणार. नेक तेवढा या रविवारी घासतो. डागांचे काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये करीन.